किराणा ओळीतला रिठा आणि नाल्यातली पुडी

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा ओळीत चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा अर्धा किलो रिठा मागितला, तेव्हा काट्यामागे बसलेल्या काकांनी विचारले, "दागिने उजळायला पाहिजे का ताई?" शेजारच्या सराफा ओळीतले कारागीर सोन्याचांदीवरचा मळ काढायला रिठ्याचे पाणी वापरतात आणि कोशाच्या किंवा रेशमी साड्या जपणाऱ्या बायका त्या साड्या रिठ्यातच धुतात, त्यामुळे रिठा मागणारे गिऱ्हाईक या दोहोंपैकीच असणार, असे त्यांनी धरले होते. केसांसाठी हवा आहे असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "केसांसाठी अख्खा रिठा आता कोणी नेत नाही." हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ज्या फळाच्या पाण्यावर आपण सोने आणि रेशीम निर्धास्त सोपवतो, तेच डोक्याला लावायचे म्हटले की आपल्याला ते मागासलेले किंवा कटकटीचे का वाटू लागते, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

तेव्हापासून मी बाजारचा शाम्पू वापरलेला नाही. ज्यांच्या डोक्याच्या त्वचेला कोणताही आजार नाही, अशा बहुतेकांना शाम्पूवाचून राहता येते आणि त्यातल्या पुष्कळांनी तसे राहून पाहावे, असे माझे मत आहे. मात्र या मताच्या बाजूने जी कारणे सर्रास दिली जातात, त्यांतली निम्मी चुकीची आहेत, आणि चुकीच्या कारणांनी घेतलेला निर्णय पहिल्या अडचणीलाच मोडतो. म्हणून आधी ती कारणे बाजूला करणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत लोकप्रिय कारण म्हणजे "शाम्पूत केमिकल असते." शिकेकाईतही असते. केसांवरचे तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यासाठी असा रेणू लागतो ज्याचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. शाम्पूत हे काम सोडियम लॉरिल सल्फेट किंवा त्याच्या कुळातली द्रव्ये करतात, तर रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत तेच काम सॅपोनिन नावाची द्रव्ये करतात, ज्यांचा साखरेचा भाग पाण्याशी आणि उरलेला भाग तेलाशी जवळीक करतो. रिठ्याचा फेस आणि शाम्पूचा फेस यांच्यामागचे तत्त्व एकच आहे. शाम्पूतल्या सल्फेटमुळे कर्करोग होतो, ही मोबाइलवरून घरोघर फिरणारी गोष्ट निराधार आहे आणि ती पुढे पाठवून शिकेकाईचे काहीही भले होत नाही. उलट, निसर्गातले ते सगळे निरुपद्रवी असेही नाही. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर शाम्पूपेक्षा जास्त झोंबते, आणि सॅपोनिन माशांना इतके बाधते की अनेक ठिकाणी सॅपोनिन असलेल्या वनस्पती ठेचून डोहात टाकून मासे पकडण्याची रीत होती.

मग शाम्पूवरचा खरा आक्षेप कोणता? माझ्या मते तो त्याच्या जोराबद्दल आणि वापराच्या वारंवारतेबद्दल आहे. आपल्या डोक्याच्या त्वचेतून जे तेल पाझरते ते मळ नव्हे, ते त्वचेचे आणि केसाचे आवरण आहे. केसाच्या पृष्ठभागावर एकावर एक चढवलेल्या कवेलूंसारखे सूक्ष्म खवले असतात आणि ते नीट मिटलेले असले म्हणजे केस मऊ लागतो. जोरदार धुलाई हे तेल गरजेपेक्षा जास्त ओढून काढते, केस कोरडे आणि राठ होतात, मग ते मऊ करण्यासाठी कंडिशनर येतो, कंडिशनरने केस चपटे बसतात म्हणून पुन्हा शाम्पू येतो, आणि शेवटी चमक आणण्यासाठी सिरमची बाटली येते. एका गरजेतून दुसरी गरज जन्माला घालणारी ही साखळी आहे. तिच्या पहिल्या कडीबद्दल, म्हणजे आठवड्यातून किती वेळा आणि किती जोराने धुवायचे याबद्दल, आपण स्वतः कधी विचारच केलेला नसतो. बाटलीवर जसे लिहिलेले असते तसे आपण करतो. फेस जितका जास्त तितकी स्वच्छता जास्त, ही समजूतही अशीच अंगवळणी पडलेली आहे. फेसाचा आणि मळ निघण्याचा तसा थेट संबंध नाही. शिकेकाईला फेस थोडाच येतो आणि तरीही ती तेल काढते, हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताला जाणवले तेव्हा माझा माझ्याच सवयीवरचा विश्वास उडाला.

शाम्पू हा शब्दच मुळात आपल्याकडून गेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चंपी म्हणजे दाबणे, मळणे, मालीश करणे. पाटण्यात 1759 साली जन्मलेल्या दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी मालिशीची आणि वाफेची न्हाणीघरे काढली आणि पुढे ते तिथल्या राजघराण्याचे "शाम्पूइंग सर्जन" झाले. त्या काळी या शब्दाचा अर्थ बाटलीतले द्रव्य असा नव्हता. डोके आणि अंग हातांनी चोळणे असा होता. बर्लिनमध्ये 1903 साली केस धुण्याची भुकटी विकायला निघाली आणि 1930 च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू बाजारात आला, तेव्हा शब्द तोच राहिला आणि त्यातला हात हळूहळू निघून गेला. हे मी अभिमानाने मिरवण्यासाठी सांगत नाही. शिकेकाईने न्हाताना त्वचेला बोटांनी चोळावेच लागते, कारण तिचा जोर कमी असतो. निम्मे काम द्रव्य करते आणि निम्मे बोटे करतात. शाम्पूने ते बोटांचे काम आपल्याकडून काढून घेतले.

भारतात शाम्पू घराघरात पोचवला तो बाटलीने नव्हे, पुडीने. तामिळनाडूतल्या कडलूरच्या उद्योजकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छोट्या पुडीत शाम्पू भरून विकायची कल्पना रुजवली आणि 1983 नंतर ती देशभर पसरली. या पुडीकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या बाईला हातात पडलेल्या रोजीतून त्याच दिवशीचे सामान आणावे लागते, तिला पूर्ण बाटली कधीच परवडली नसती. एक-दोन रुपयांत सणाच्या दिवशी केस सुळसुळीत आणि सुगंधी होणे हे तिच्यासाठी लहानसहान सुख नव्हते. शाम्पू सोडा असे सांगणाऱ्याने हे विसरून बोलू नये.

आता प्रत्यक्ष कृतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण याबाबत अर्धवट सल्ल्यांचा सुकाळ आहे. मी शिकेकाईच्या अख्ख्या शेंगा घेते, भुकटी घेत नाही. भुकटीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, शेंग मात्र हातात घेऊन पारखता येते. चांगली शेंग तांबूस-तपकिरी, कडक आणि वाळलेली असते, वाकवली की कटकन मोडते, आणि जवळ नेली तर चिंचेसारखा आंबट, किंचित तुरट वास येतो. पाच-सहा शेंगा, तीन-चार बिया काढलेले रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्री स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर वीस मिनिटे उकळू द्यायची, कोमट झाली की हाताने कुस्करून गाळून घ्यायची. गंज स्टीलचाच घ्यावा, कारण आवळ्यातली आणि शिकेकाईतली तुरट द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून काळीभोर होतात. केस काळे करण्यासाठी लोखंडी कढई मुद्दाम वापरतात ती याच गुणामुळे, पण मग न्हाणीघराच्या फरशीवर डाग पडतात ते निघत नाहीत. हे गाळलेले पाणी ओल्या केसांवर नव्हे, केसांच्या मुळांशी ओतायचे, डोळे घट्ट मिटून बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटे चोळायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. हिवाळ्यात मी त्यात वाळलेल्या संत्र्याच्या सालीची पूड चिमूटभर टाकते. ती नागपूरच्या घरात तशीही वाया जाणार असते, आणि तिने वास फार छान येतो, यापलीकडे तिचा काही मोठा गुण मी सांगणार नाही.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे केस जड आणि चिकट वाटतात. त्याचे कारण "डोक्याच्या त्वचेतून विष बाहेर पडते" असे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. आधीच्या कंडिशनर-सिरममधल्या सिलिकोनचा थर सौम्य द्रव्याने चटकन निघत नाही, आणि किती तेल राहू द्यायचे याचा आपल्या बोटांना अंदाज आलेला नसतो, एवढे मला माझ्यापुरते पटलेले स्पष्टीकरण आहे. डोक्यावर खूप तेल थापून मग शिकेकाईने न्हायचे ठरवले तर ती कमी पडतेच. आपल्याकडे तेल लावायची सवय असल्यामुळे ही गोष्ट महत्त्वाची आहे. शाम्पू सोडायचा तर आधी तेलाचे प्रमाण कमी करावे लागते.

नागपुरात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते, ती पाण्याची. शहराच्या मोठ्या भागाला पेंच धरणाचे पाणी येते, पण बेसा-पिपळ्यासारख्या बाहेरच्या वस्त्यांमध्ये पुष्कळ घरे अजून बोअरच्या पाण्यावर आहेत आणि ते पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. जड पाण्यात साबण लावला तर त्यातल्या कॅल्शियममुळे पांढरट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो, म्हणून अंगाच्या साबणाने केस धुणे आमच्या भागात सर्वांत वाईट. रिठा-शिकेकाईच्या सॅपोनिनला तसा साका येत नाही, आणि शिकेकाई स्वतः किंचित आम्ल असल्याने केसांचे खवले मिटलेले राहतात. ही तिची बाजू भक्कम आहे. पण तिला धुवायला पाणी जास्त लागते, हेही तितकेच खरे. 2019 च्या जुलै महिन्यात पेंचचा साठा आटल्यामुळे शहरात एक दिवसाआड पाणी मिळत होते. तशा दिवसांत डोक्यावरून बादलीभर जास्त पाणी ओतण्याचा आग्रह कोणी कोणाला करू नये. त्या दिवसांत मी आठवड्याऐवजी दहा-बारा दिवसांनी न्हाणे हाच उपाय योग्य मानीन.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा आमच्याकडे स्कूटरवरून जाणाऱ्या मुली आणि बायका ओढणीने किंवा स्कार्फने डोके, तोंड, कान सगळे गुंडाळून घेतात आणि त्यावर हेल्मेट चढवतात. त्या गुंडाळण्याच्या आत घाम आणि धूळ दोन्ही साचतात. "फक्त पाण्याने केस धुवा, डोके आपोआप तेलाचे प्रमाण ठरवते" हा थंड देशांतून आलेला सल्ला इथे लागू पडत नाही, आणि थोडे दिवस केस न धुतल्याने तैलग्रंथींचे काम कायमचे कमी होते याला मला कुठे खात्रीचा आधार सापडला नाही. त्या ग्रंथींचे काम मुख्यतः शरीरातल्या संप्रेरकांवर चालते.

असाच दुसरा आयात सल्ला म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. शिकेकाईकडे येण्याआधी मी तो दोन महिने पाळला होता आणि त्याची किंमत मोजली. सोड्याच्या पाण्याचा पीएच आठाच्या वर असतो आणि आपल्या त्वचेचा साडेपाचाच्या आसपास. अल्कलीने खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. माझ्या कंगव्यात मुळापासून आलेल्या केसांपेक्षा मध्ये तुटलेले केस जास्त दिसू लागले, टोके दुभंगली, आणि व्हिनेगरने ते भरून येईल असे सांगणाऱ्यांचे सांगणे खोटे ठरले. शेवटी सहा इंच केस कापावे लागले. सोडा स्वयंपाकघरात असतो म्हणून तो "नैसर्गिक" ठरत नाही, आणि नैसर्गिक ठरला तरी डोक्याला सोसतो असे नाही. लिंबाचा रस थेट चोळून उन्हात जाणे हेही त्याच जातीचे आहे; त्याने त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. बेसन, मुलतानी माती, ताक ही आपल्याकडची जुनी द्रव्ये त्यामानाने निरुपद्रवी आहेत, पण ती मुख्यतः तेल शोषून घेतात, आणि लांब केसांतून बेसनाचे कण धुवून काढणे किती जिकिरीचे असते हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल.

ज्यांनी डॉक्टरांकडे जायला हवे त्यांना शिकेकाईकडे वळवणे हा तर अपराधच आहे. कोंडा पुष्कळदा मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे वाढतो आणि ते यीस्ट त्वचेवरच्या तेलावरच जगते. अशा डोक्यावर तेल जिरवून ठेवले की कोंडा वाढतो, आणि तिथे केटोकोनॅझोलसारखे औषध असलेला शाम्पूच लागतो. लहान मुलांच्या डोक्यावरचे गजकर्ण, अचानक गोल चकत्यांत जाणारे केस म्हणजे चाई, त्वचेला आलेली सूज किंवा पू, यांपैकी काहीही असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवावे. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळू लागतात, तेव्हा घरातले सगळे शाम्पूला दोष देतात, आणि शाम्पू बदलून किंवा सोडून चार-सहा महिन्यांत केस परत आले की त्या बदलाला श्रेय देतात. बहुतेकदा ते केस तसेही परत येणार होते.

आता या विषयातल्या सर्वांत अवघड मुद्द्याकडे येते. शिकेकाई भिजवणार कोण, उकळणार कोण आणि गाळणार कोण? जुन्या दिवसांबद्दल आपण फार हळवे होऊन बोलतो, पण त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या न्हाण्याची तयारी एका बाईच्या पहाटेतून निघत असे. माझ्या आईने तीन मुलींची डोकी दर रविवारी शिकेकाईने धुतली. चूल, बंब, घंगाळ आणि शेवटी डोळ्यांत गेले म्हणून रडणारी पोरे. तिच्या हाती पहिल्यांदा शाम्पूची बाटली आली तेव्हा तिला मिळालेला मोकळा रविवार मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या रविवारावर हक्क सांगणाऱ्या कोणत्याही निसर्गप्रेमाला माझा विरोध आहे. आमच्या घरी म्हणूनच नियम असा आहे की ज्याला न्हायचे त्याने आपली शिकेकाई आपण भिजवायची. माझा बारावीतला मुलगाही ते करतो आणि त्याच्या आखूड केसांना दोन शेंगा पुरतात. एकदा उकळून गाळलेले पाणी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, त्यामुळे आठवड्याचा हिशेब केला तर माझा वेळ पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जात नाही. ज्या घरात हे काम पुन्हा सुनेच्या किंवा आईच्या गळ्यात पडणार असेल, त्या घराने खुशाल शाम्पू वापरावा, फक्त आठवड्यातून एकदाच, थोडा, आणि पुडीऐवजी बाटलीतून वापरावा.

पुडीऐवजी, असे मी जाणीवपूर्वक म्हणते, कारण इथे प्रश्न एका घराचा राहत नाही. चहाच्या टपरीपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. प्रत्येक पुडी वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे आणि धातूचा मुलामा दिलेल्या पातळ पापुद्र्यांचे थर एकत्र चिकटवून केलेली असते. ते थर पुन्हा वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे कचरा वेचणाऱ्या बायका ती उचलत नाहीत, तिला भंगारात भावच नाही. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांवर होती. त्यांतल्या चारांपैकी एकानेच आठवड्याला एक पुडी वापरली असे धरले, तरी आठवड्याला सहा लाख आणि वर्षाला तीन कोटींहून जास्त पुड्या होतात. हा अंदाज फक्त आकाराची कल्पना यावी म्हणून आहे, पण उन्हाळ्यात महापालिका नाग नदी, पिवळी नदी आणि पोरा नदी यांतला गाळ काढते तेव्हा काठावर टाकलेल्या त्या काळ्या ढिगाऱ्यांकडे जवळून पाहावे. मी पाहिले आहे. गाळ वाळला की त्यातून चकचकीत कोपरे डोके वर काढतात: तंबाखूच्या, गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या. कंपनीचा रंग शिल्लक असतो, नाव पुसलेले असते. जे काढले जात नाही ते कन्हान आणि वैनगंगेवाटे गोसेखुर्दच्या जलाशयाकडे जाते, जिथले पाणी भंडाऱ्याच्या आणि चंद्रपूरच्या लोकांच्या वाट्याला येते.

शाम्पूचे पाणी नदीला मारते, असे म्हणण्यापेक्षा शाम्पूची पुडी नदीला तुंबवते, असे म्हणणे अधिक बरोबर आहे. शाम्पूतले सामान्य डिटर्जंट सांडपाणी प्रक्रियेत जिवाणू बऱ्यापैकी खाऊन टाकतात, पण पुडी कोणीही खात नाही. केंद्राच्या 2016 च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लॅस्टिकच्या पुडीत विकायला मनाई केली. त्याच नियमांत पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करण्याची तरतूद होती. 2018 च्या दुरुस्तीने तिला अशी पुस्ती जोडली की ज्यातून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो ते प्लॅस्टिक चालेल, आणि सिमेंटच्या भट्टीत जाळता येते एवढ्या आधारावर पुडी वाचली. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून टाकण्याच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत कान कोरायच्या प्लॅस्टिकच्या काड्या आहेत, चमचे आहेत, सजावटीचे थर्माकोल आहे. शाम्पूची पुडी नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पूवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. गरीब घरासाठी ते चांगलेच झाले, पण तो कमी करताना बाटली आणि पुडी यांत फरक करण्याची संधी होती आणि ती घेतली गेली नाही. पुडीवर कर तसाच ठेवून, घरची बाटली आणून सुटे मापाने शाम्पू नेणाऱ्याला सवलत देता आली असती. आपल्याकडे गोडेतेल अजूनही अनेक दुकानांत स्वतःची बाटली नेली तर सुटे मिळते. शाम्पू तसा न मिळण्याचे तांत्रिक कारण काही नाही.

"नैसर्गिक" या शब्दाच्या वापराबद्दलही कडक राहायला हवे. शिकेकाईचे चित्र छापलेल्या बाटलीत बहुधा नेहमीचाच शाम्पू असतो आणि त्यात शिकेकाईचा अर्क नाममात्र असतो. घटकांची यादी बारीक अक्षरांत मागे छापलेली असते आणि ती इंग्रजीत असते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये पर्यावरणाच्या नावाखालच्या फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. मराठी ग्राहकासाठी त्यात मी एवढीच भर घालीन की ज्या घटकाचे चित्र समोर छापायचे, त्याचे प्रमाण त्या चित्राशेजारीच टक्क्यांत आणि मराठीत छापणे सक्तीचे असावे. शिकेकाई एक टक्का असेल तर एक टक्का लिहा, लोक त्यांचे ते ठरवतील.

आणि विदर्भाने हा विषय स्वतःचा मानायला हवा, कारण माल आपल्याच जंगलातला आहे. आवळा गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलांत पिकतो. सुका आवळा, वाळलेला रिठा आणि नागरमोथा हे केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या गौण वनोपजाच्या यादीत आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजावर मालकी दिली आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने बांबूच्या बाबतीत ती मालकी प्रत्यक्षात आणून दाखवली. पण आवळकाठी गोळा करणाऱ्या बाईकडून व्यापारी ती पोत्याने नेतो, ती कुठेतरी दूर दळली जाते आणि रंगीत डब्यात भरून परत नागपूरच्या दुकानात येते. मधली प्रत्येक पायरी इथेच होऊ शकते. या शहरात 1942 पासून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, जिथे तेल आणि डिटर्जंट यांचे तंत्रज्ञान शिकवले जाते. 1958 पासून नीरी आहे, जिचे काम पाण्याचे आणि प्रदूषणाचे आहे. शिकेकाई-रिठ्याच्या भुकटीत सॅपोनिन किती असावे, ती किती महिने टिकते, तिच्यात शिसे किंवा बुरशी आहे का, एका न्हाण्याला तिला किती लिटर जास्त पाणी लागते आणि ते सांडपाण्यात गेल्यावर काय होते, या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणाऱ्या संस्था आपल्या दाराशी असताना आपण ती उत्तरे मोबाइलवरच्या अनोळखी माणसांकडून घेतो. नीरीने आणि या संस्थेने मिळून एक साधी तपासणी पद्धत बसवली, तर ग्रामसभांच्या मालाला तपासणीचा दाखला मिळेल आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला भुकटीवर विश्वास ठेवता येईल.

तोवर अडचण सगळ्यात शेवटच्या, अगदी छोट्या टप्प्यावर आहे. शिकेकाई दळून आणायची म्हटले की कोणताही चक्कीवाला नको म्हणतो, आणि त्याचे खरे आहे: तिच्या बारीक भुकटीने ठसका लागतो, शिंका थांबत नाहीत, डोळ्यांतून पाणी येते, आणि त्यानंतर दळलेल्या गव्हाच्या पिठाला वास लागतो. माझी गेल्या वर्षीची तीन किलो शिकेकाई मी दोन चक्क्यांवरून परत आणली आणि शेवटी घरच्या मिक्सरमध्ये तोंडाला फडके बांधून थोडी थोडी दळली. तिखट-हळद कांडणाऱ्या बचत गटांकडे वेगळी खोली आणि धूळ ओढून घेणारा पंखा असतो. महापालिकेच्या बचत गट योजनेतून अशा दोन गटांना शिकेकाई-रिठ्यासाठी एकेक वेगळे यंत्र मिळाले, एक इतवारीजवळ आणि एक मानेवाडा-बेसा भागात, आणि तिथे घरची बरणी नेऊन सुटी भुकटी वजनाने मिळू लागली, तर आमच्या वस्तीतल्या निदान दहा-बारा घरांनी ती घेण्याची तयारी मला आधीच कळवली आहे.